हजारभर पोरांचा जीव वाचवायला हिटलरच्या कॅप्टननं स्वतःचं जहाजच नदीत बुडवलं

१० फेब्रुवारी २००६. दक्षिण अमेरिकेतला उरुग्वे देश. राजधानी माँटेव्हिडिओच्या समोर नदीत एक तरंगती क्रेन उभी होती. पाण्याचा रंग दूध घातलेल्या चहासारखा. त्या गढूळ पाण्यातून क्रेननं हळूहळू एक भलामोठा गरुड वर काढला.

हा गरुड ब्राँझचा होता. उंची दोन मीटर, वजन साडेतीनशे किलोच्या आसपास, पंख पसरलेले आणि पायाच्या पकडीत स्वस्तिक. आपल्या उंबऱ्यावर काढतात ते शुभचिन्ह नाही, तर हिटलरच्या पक्षाचं.

ज्यांच्या घरातली माणसं नाझींनी मारली त्यांच्या जखमा पुन्हा उघड्या पडू नयेत, म्हणून ते स्वस्तिक कापडानं झाकण्यात आलं.

हा गरुड तळाशी जाऊन सोडवून आणला होता पाणबुड्यांनी. आता मराठीत पाणबुडी म्हणजे जहाज आणि पाणबुड्या म्हणजे पाण्यात बुडी मारणारा माणूस, हा घोळ नको म्हणून पुढं आपण त्यांना डायव्हर म्हणू. या डायव्हरांना तळाशी हातभर अंतरावरचंही दिसत नव्हतं. त्यांनी हातानं चाचपडत, शंभराहून जास्त बोल्ट काढून तो गरुड जहाजाच्या मागच्या बाजूपासून वेगळा केला होता.

जहाजाचं नाव ॲडमिरल ग्राफ श्पे. दुसऱ्या महायुद्धातली जर्मनीची नामांकित युद्धनौका. पण गंमत अशी की हे जहाज शत्रूनं बुडवलेलंच नाही. ते बुडवलं त्याच्याच कॅप्टननं, आणि तेही भर संध्याकाळी, हजारो लोक किनाऱ्यावर उभे राहून बघत असताना.

त्या कॅप्टनचं नाव हान्स लँग्सडॉर्फ.

त्यानं असं का केलं हे समजून घ्यायचं तर त्याच्या लहानपणापासून सुरुवात करावी लागते.

शेजारच्या घरातला ॲडमिरल

लँग्सडॉर्फचा जन्म २० मार्च १८९४ चा. बाल्टिक समुद्रातल्या र्‍युगेन नावाच्या जर्मन बेटावरचा. वडील न्यायखात्यातले. घरात वातावरण कायद्याचं आणि चर्चचं. पोरगं मोठं होऊन वकील होईल, नाहीतर धर्मगुरू होईल, असंच घरच्यांना वाटत असणार.

पण तो चार वर्षांचा असताना कुटुंब ड्युसेलडॉर्फला राहायला गेलं आणि शेजारी मिळालं श्पे यांचं घर.

काउंट मॅक्सिमिलियन फॉन श्पे हे जर्मन नौदलातलं मोठं नाव. शेजारच्या घरात समुद्राच्या गोष्टी, गणवेश, दूरदेशीच्या सफरी. या सगळ्याचं पोराला वेड लागलं. १९१२ साली आईवडिलांच्या मनाविरुद्ध जाऊन लँग्सडॉर्फ कील इथं नौदलात भरती झाला.

दोनच वर्षांत पहिलं महायुद्ध पेटलं.

त्या युद्धात शेजारच्या ॲडमिरल श्पे यांचं काय झालं, हे लक्षात ठेवा, कारण आपल्या गोष्टीत ते परत येणार आहे. ८ डिसेंबर १९१४ ला दक्षिण अटलांटिकमध्ये फॉकलंड बेटांजवळ ब्रिटिशांच्या जास्त ताकदीच्या ताफ्यानं त्यांना गाठलं. श्पे शेवटपर्यंत लढले. त्यांचं शार्नहॉर्स्ट हे जहाज बुडालं आणि त्यावरचा एकही माणूस वाचला नाही. श्पे यांची दोन मुलं ताफ्यातल्या दुसऱ्या जहाजांवर होती. तीही त्याच दिवशी गेली.

एका दिवसात बाप आणि दोन पोरं. जर्मनीत श्पे हे नाव शौर्याचं प्रतीक झालं. शेवटच्या माणसापर्यंत लढायचं, शरण जायचं नाही, जहाजाबरोबर जायचं. नौदलाच्या पोरांना हेच शिकवलं जायचं.

लँग्सडॉर्फ मात्र या युद्धातून वाचला. १९१६ च्या जटलंडच्या प्रचंड मोठ्या लढाईत तो ग्रोसर कुरफ्युर्स्ट या जहाजावर होता. त्याबद्दल त्याला आयर्न क्रॉस मिळाला. पुढं समुद्रातले सुरुंग काढणाऱ्या जहाजांवर त्यानं काम केलं. १९२४ मध्ये लग्न झालं आणि त्याच वर्षाच्या शेवटी मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं योआखिम.

टॉर्पेडो बोटी, मग बर्लिनमध्ये संरक्षण खात्यातलं ऑफिस, मग स्पेनच्या यादवी युद्धाच्या वेळची ड्युटी. करिअर हळूहळू वर जात राहिलं. दरम्यान १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. लँग्सडॉर्फ नोकरीत होता तिथंच राहिला.

आणि १९३८ च्या शेवटाला त्याच्या हातात एक जहाज आलं. त्या जहाजाला नाव दिलं होतं त्याच्या लहानपणीच्या शेजाऱ्याचं, ॲडमिरल ग्राफ श्पे.

खिशातली युद्धनौका

हे जहाज नेमकं काय प्रकरण होतं, ते आधी बघू.

पहिलं महायुद्ध हरल्यावर जर्मनीवर व्हर्सायच्या तहाची बंधनं आली होती. १० हजार टनांपेक्षा मोठी युद्धनौका बांधायची नाही, हे त्यातलंच एक. जर्मन इंजिनियरांनी यावर डोकं लावलं. वजन वाचवायला रिव्हेटऐवजी वेल्डिंग वापरलं, वाफेऐवजी डिझेल इंजिनं बसवली आणि त्यावर २८ सेंटिमीटरच्या सहा अजस्र तोफा चढवल्या. (एवढं करूनही वजन मर्यादेच्या वरच गेलं, पण ते कुणाला सांगितलं नाही.)

हिशोब सरळ होता. जे जहाज आपल्यापेक्षा ताकदवान, त्याच्यापासून पळून जायचं. जे आपल्याइतकं वेगवान, त्याला तोफांनी फोडायचं. ब्रिटिश पत्रकारांनी या जहाजांना नाव दिलं पॉकेट बॅटलशिप.

२१ ऑगस्ट १९३९ ला, म्हणजे युद्ध सुरू व्हायच्या दहाएक दिवस आधी, ग्राफ श्पे गुपचूप जर्मनीतून निघालं आणि दक्षिण अटलांटिकमध्ये जाऊन दबा धरून बसलं. सोबत तेल आणि रसद पुरवायला आल्टमार्क नावाचं जहाज होतं.

लँग्सडॉर्फला काम दिलेलं होतं ब्रिटनकडं जाणारी मालवाहू जहाजं बुडवायचं. ब्रिटन हे बेट. धान्य, मांस, तेल, लोकर सगळं जहाजातून येणार. रसद तोडली की ब्रिटन गुडघ्यावर येईल, हा डाव. शत्रूच्या युद्धनौकांच्या नादी लागायचं नाही, असा स्पष्ट आदेश होता.

३० सप्टेंबरला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ क्लेमेंट नावाचं पहिलं जहाज सापडलं. पुढच्या सव्वादोन महिन्यांत अटलांटिक आणि हिंदी महासागर मिळून ग्राफ श्पेनं नऊ जहाजं बुडवली. एकूण ५० हजार टनांच्या वर.

आणि या नऊ जहाजांवरचा एकही माणूस मेला नाही.

लँग्सडॉर्फ आधी जहाज थांबवायचा, माणसांना उतरवायचा आणि मग रिकामं जहाज बुडवायचा. क्लेमेंटच्या वेळी तर नावेत बसलेल्या खलाशांना कुणीतरी उचलावं म्हणून त्यानं ब्राझीलच्या किनाऱ्यावर वायरलेसवरून निरोप धाडला होता. आपलं ठिकाण शत्रूला कळेल, हा धोका पत्करून.

पकडलेल्या ब्रिटिश कॅप्टनांशी तो उत्तम इंग्रजीत बोलायचा. त्यातल्या पॅट्रिक डव्ह नावाच्या कॅप्टनशी तर त्याची चांगली गट्टी जमली. सुटका झाल्यावर डव्हनं या कैदेवर पुस्तक लिहिलं आणि त्यात लँग्सडॉर्फचं कौतुकच केलं.

यात भारताचाही एक धागा आहे. बुडवलेल्या नऊ जहाजांपैकी हंट्समन हे कलकत्त्याहून चहा आणि इतर माल घेऊन इंग्लंडला निघालं होतं. त्यावरचे बरेचसे खलाशी भारतीय होते. तेव्हा ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर भट्टीत कोळसा टाकण्यापासून डेक धुण्यापर्यंतची कामं भारतीय लास्कर करायचे. हे लोकही आल्टमार्कवर कैदी झाले. फेब्रुवारी १९४० मध्ये ब्रिटिशांनी नॉर्वेच्या एका खाडीत घुसून आल्टमार्कवरचे २९९ कैदी सोडवले, त्यात हे आपले खलाशीही होते. लँग्सडॉर्फबद्दल लिहिताना ब्रिटिश कॅप्टनांची नावं येतात, या माणसांची सहसा येत नाहीत.

८० मिनिटांची लढाई

इकडं ब्रिटन आणि फ्रान्सची डझनावारी जहाजं ग्राफ श्पेच्या मागावर होती. पण महासागरात एक जहाज शोधणं म्हणजे गवताच्या गंजीतली सुई.

२ डिसेंबरला डोरिक स्टार नावाच्या जहाजानं बुडण्याआधी मदतीचा संदेश पाठवला. दुसऱ्या दिवशी तैरोआनंही. हे दोन बिंदू नकाशावर जोडून कमोडोर हेन्री हारवूड या ब्रिटिश अधिकाऱ्यानं गणित मांडलं. हे जहाज अमेरिकेच्या बाजूला वळलं तर १२ तारखेला रिओच्या आसपास येईल, १३ ला रिओ दे ला प्लाताच्या मुखाशी, नाहीतर १४ ला फॉकलंडजवळ. हारवूडनं मधला पर्याय निवडला आणि आपली तीन जहाजं तिथं नेली.

रिओ दे ला प्लाता म्हणजे स्पॅनिशमध्ये चांदीची नदी. पाराना आणि उरुग्वे या दोन नद्या एकत्र येऊन ती तयार होते. समुद्राला मिळते तिथं तिचं पात्र तब्बल २२० किलोमीटर रुंद आहे, त्यामुळं हिला नदी म्हणायचं की खाडी, यावर भूगोलवाले आजही भांडतात. उत्तरेला उरुग्वे, दक्षिणेला अर्जेंटिना. ब्रिटनला जाणारं मांस आणि धान्य इथूनच निघायचं. म्हणून हारवूडचा अंदाज होता की जर्मन इथं येणारच.

१३ डिसेंबर १९३९ च्या पहाटे ग्राफ श्पे खरंच आलं.

क्षितिजावर डोलकाठ्या दिसल्या. एक्सेटर ही क्रूझर लँग्सडॉर्फनं ओळखली. बाकीच्या दोन छोट्या विनाशिका असतील, म्हणजे ही एखाद्या व्यापारी ताफ्याची राखण असणार, असा त्याचा समज झाला. आदेश होता टाळायचा. तो चालून गेला.

जवळ गेल्यावर कळलं की त्या दोन विनाशिका नाहीत. एजॅक्स आणि अकिलिज या दोन क्रूझर आहेत.

साधारण ८० मिनिटं लढाई चालली. ग्राफ श्पेच्या तोफांनी एक्सेटरची पार चाळण केली. तिचे पुढचे दोन्ही तोफबुरूज गेले, ब्रिज उडाला. कॅप्टन बेल नावेतलं साधं होकायंत्र हातात घेऊन जहाज हाकत होता. एकट्या एक्सेटरवर ६१ जण गेले. तिन्ही जहाजांवर मिळून ७२.

ग्राफ श्पेवर ३६ जण मेले आणि साठेक जखमी झाले. लँग्सडॉर्फ उघड्या जागी उभा राहून लढाई चालवत होता. त्याला दोनदा गोळ्यांचे तुकडे लागले, एकदा तर स्फोटाच्या धक्क्यानं शुद्धच हरपली.

कागदावर बघितलं तर ग्राफ श्पे जिंकलं होतं. एक्सेटर माघारी फिरली होती आणि एजॅक्सचे अर्धे तोफबुरूज निकामी झाले होते. मग लँग्सडॉर्फनं पळ का काढला?

कारण जहाजाच्या पोटातल्या ज्या गोष्टीकडं कुणाचं लक्ष जात नाही, तीच मोडली होती. डिझेल इंजिनात घालण्याआधी तेल स्वच्छ करणारी यंत्रणा फुटली होती. टाकीत तेल होतं, पण वापरण्याजोगं तेल एक दिवसही पुरलं नसतं. समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र गेलं होतं. भटारखाना गेला होता. निम्म्याहून जास्त मोठे गोळे संपले होते. आणि जर्मनी ११ हजार किलोमीटरच्या आसपास लांब, मध्ये ऐन हिवाळ्यातला उत्तर अटलांटिक.

त्यामुळं १३ डिसेंबरच्या मध्यरात्री ग्राफ श्पे माँटेव्हिडिओच्या बंदरात शिरलं.

७२ तास

उरुग्वे युद्धात तटस्थ होता. आंतरराष्ट्रीय नियम असा की लढणाऱ्या देशाची युद्धनौका तटस्थ बंदरात २४ तासच थांबू शकते. समुद्रात जायच्या लायकीची होण्यापुरती दुरुस्ती करायला जास्त वेळ मिळू शकतो, पण लढायच्या लायकीची होण्यासाठी नाही.

लँग्सडॉर्फनं दोन आठवडे मागितले. उरुग्वेनं ७२ तास दिले. म्हणजे १७ डिसेंबरला रात्री आठच्या आत बाहेर, नाहीतर जहाज जप्त.

१५ डिसेंबरला मेलेल्या खलाशांवर माँटेव्हिडिओत अंत्यसंस्कार झाले. त्या दिवसाचा एक फोटो जगभर गेला. आजूबाजूचे लोक हात पुढं करून नाझी सलाम करतायत आणि लँग्सडॉर्फ मात्र हात टोपीला लावून नौदलाचा जुना सलाम करतोय. जहाजावरून सुटलेले ब्रिटिश कैदीही या अंत्ययात्रेला फुलं घेऊन आले होते.

याच वेळी पडद्यामागं ब्रिटिशांनी फेक न्यूजचा खेळ सुरू केला होता.

त्यांची खरी परिस्थिती अशी होती की नदीच्या तोंडाशी दोन जखमी क्रूझर आणि घाईघाईनं आलेली कंबरलँड एवढीच जहाजं होती. आर्क रॉयल ही विमानवाहू नौका आणि रिनाउन ही मोठी युद्धनौका हजार मैलांहून जास्त लांब होत्या. म्हणून त्या पोचल्याच आहेत, अशी हवा करण्यात आली. ज्या फोनवर चोरून ऐकलं जातं हे माहीत होतं, त्याच फोनवर मोठ्या जहाजांसाठी तेलाची ऑर्डर बोलली गेली. वर्तमानपत्रांत बातम्या पेरल्या गेल्या.

अफवेला आधार मिळाला तो आपल्याच माणसाकडून. ग्राफ श्पेच्या एका अधिकाऱ्याला दुर्बिणीतून लांबवर एक जहाज दिसलं आणि ते रिनाउनच आहे, असं त्याला वाटलं. तिथं रिनाउन नव्हतंच.

लँग्सडॉर्फनं बर्लिनला तार केली. सगळी परिस्थिती सांगून विचारलं की बाहेर पडून ब्युनोस आयरिस गाठायचा प्रयत्न करू, की जहाज स्वतः बुडवू, की उरुग्वेच्या ताब्यात देऊ? हिटलर आणि नौदलप्रमुख रेडर यांच्याकडून उत्तर आलं. ताब्यात द्यायचं नाही. लढून निघायचा प्रयत्न कर. बुडवावंच लागलं तर पुरतं नष्ट कर.

म्हणजे शेवटचा निर्णय कॅप्टनवरच आला.

आता त्याच्या जागी उभं राहून बघा. जहाजावर हजाराच्या वर माणसं, बरीचशी विशीच्या आसपासची पोरं. बाहेर, त्याच्या समजुतीप्रमाणं, ब्रिटनचं निम्मं नौदल. नदी इतकी उथळ की जहाज रुतून बसलं तर अर्धवट बुडालेल्या अवस्थेत शत्रूच्या हाती लागणार. लढलं तर जर्मनीत पुतळे उभे राहतील, ॲडमिरल श्पे यांच्यासारखे. आणि ही पोरं मरतील, श्पे यांच्या खलाशांसारखी.

लँग्सडॉर्फनं पोरं निवडली.

रविवार, १७ डिसेंबर. दुपारपासून खलाशी टॅकोमा नावाच्या जर्मन मालवाहू जहाजावर हलवले जात होते. जहाजावर जागोजागी स्फोटकं लावली जात होती. किनाऱ्यावर माँटेव्हिडिओचे हजारो लोक जमले होते. अमेरिकन रेडिओवर लाइव्ह कॉमेंट्री सुरू होती. सगळ्यांना वाटत होतं की आता समुद्री लढाई बघायला मिळणार.

संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास ग्राफ श्पे मोजकी माणसं घेऊन निघालं. बंदरापासून काही मैल गेलं आणि थांबलं. उरलेली माणसं नावेत उतरली. लँग्सडॉर्फ सगळ्यात शेवटी.

आठच्या सुमारास सूर्य मावळत असताना एकामागून एक स्फोट झाले. मधला मनोरा वाकडा झाला, आगीचे लोळ उठले. जहाज बुडालं म्हणजे पूर्ण गडपही झालं नाही. तिथं पाणीच जेमतेम १० ते ११ मीटर खोल. ते चिखलात बसलं आणि पुढचे काही दिवस जळत राहिलं.

जहाजानंतरचे तीन दिवस

अर्जेंटिनाच्या बोटींनी खलाशांना ब्युनोस आयरिसला नेलं. लँग्सडॉर्फला वाटत होतं की त्यांना जहाज बुडालेले खलाशी समजून सोडून देतील. १९ डिसेंबरला अर्जेंटिनानं सांगितलं की सगळ्यांना युद्ध संपेपर्यंत नजरकैदेत ठेवणार.

पण माणसं जिवंत होती. त्याच संध्याकाळी त्यानं सगळ्यांशी शेवटचं बोलून घेतलं आणि खोलीत जाऊन पत्रं लिहिली. एक घरी, एक जर्मन राजदूताला.

राजदूताच्या पत्रात त्यानं जहाज बुडवण्याची सगळी जबाबदारी एकट्याच्या डोक्यावर घेतली. जहाजाच्या झेंड्याला डाग लागला असं कुणी म्हणत असेल तर त्याची किंमत मी देतो, असा त्याचा आशय होता. त्या रात्री त्यानं जहाजाच्या झेंड्यावर आपलं आयुष्य संपवलं. वय ४५.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सोशल मीडियावर लँग्सडॉर्फ म्हणजे नाझींच्या विरोधात उभा राहिलेला हिरो, अशा पोस्ट फिरत असतात. तसं नव्हतं. त्याच शेवटच्या पत्रात त्यानं देशावर आणि हिटलरवर विश्वास असल्याचंही लिहिलंय. तो ज्या राजवटीसाठी जहाजं बुडवत होता, तिनं त्याच महिन्यांत पोलंड चिरडलं होतं. नौदलाचा सलाम केला म्हणून तो हिटलरविरोधी ठरत नाही.

पण आदेश, परंपरा आणि स्वतःची इज्जत एका बाजूला आणि हजार पोरांचे जीव दुसऱ्या बाजूला, असा प्रसंग आला तेव्हा त्यानं काय केलं, तेही तितकंच खरं आहे.

हिटलर भडकला. काहीच दिवसांत रेडरनं फर्मान काढलं की यापुढं जर्मन युद्धनौका शेवटच्या गोळ्यापर्यंत लढेल, जिंकेल नाहीतर झेंड्यासकट बुडेल.

या फर्मानाची किंमत लँग्सडॉर्फच्या घरातही मोजली गेली. त्याचा मुलगा योआखिम नौदलात गेला. १९४४ च्या डिसेंबरमध्ये त्याला बीबर नावाच्या एका माणसाच्या चिमुकल्या पाणबुडीत बसवून पाठवलं. या पाणबुड्यांतली बहुतेक पोरं परत यायचीच नाहीत. विशीतला योआखिमही आला नाही.

बापानं इतरांची पोरं असल्या मरणातून वाचवली. स्वतःचं पोरगं वाचवायला तो उरला नव्हता.

ग्राफ श्पेचे खलाशी मात्र जगले. काही अधिकारी अर्जेंटिनातून निसटून पुन्हा युद्धात गेले. बरेच जण तिथंच रमले, लग्नं केली, संसार थाटले. कोर्डोबा प्रांतातलं व्हिया हेनेराल बेलग्रानो हे गाव आजही जर्मन वळणाचं आहे, त्यात या खलाशांचाही वाटा आहे.

डायव्हरांना काय सापडलं?

जहाजाचे अवशेष बघायला सगळ्यात आधी आले ते ब्रिटिशच. जळक्या मनोऱ्यावर त्यांना एक विचित्र अँटेना दिसली होती. ते रडार होतं, आणि जर्मनांकडं युद्धनौकेवर बसणारं रडार आहे याचा तो पुरावा होता. ब्रिटननं माँटेव्हिडिओतल्या एका व्यापाऱ्याला पुढं करून सगळा सांगाडा १४ हजार पौंडांना विकत घेतला आणि तज्ज्ञ पाठवून तपासला.

नंतर वरचा भाग तोडून नेला, उरलेला चिखलात रुतत गेला. लोक विसरले.

१९९७ मध्ये एक्तोर बादो हा उरुग्वेचा डायव्हर आणि मेन्सन बाउंड हा फॉकलंडमध्ये जन्मलेला सागरी पुरातत्त्वज्ञ यांच्या मोहिमेनं जहाजाची १५ सेंटिमीटरची एक तोफ वर काढली. २००४ मध्ये तोफांचा नेम धरायला वापरायचं २७ टनांचं रेंजफाइंडर निघालं. आणि २००६ मध्ये तो गरुड.

हे काम का अवघड? दोन्ही नद्या इतका गाळ आणतात की तळाशी दिवसाही काळोख असतो. दिवा लावला तरी समोर फक्त तपकिरी धुकं. कॅमेऱ्याचा फारसा उपयोग नाही. हातानं चाचपायचं, कुठली कड कुठं संपते ते डोक्यात ठेवायचं, वर येऊन कागदावर उतरवायचं आणि जुन्या नकाशाशी ताडून बघायचं. वर प्रवाह, फाटके पत्रे आणि जाळी. एकेक तुकडा ओळखण्यात दिवस जातात.

गरुड वर आल्यावर वेगळीच लढाई सुरू झाली. काही आठवडे तो माँटेव्हिडिओच्या एका हॉटेलात ठेवला. लोक गर्दी करायला लागले, काही जण चिडले. जर्मनीनं सांगितलं की हे नाझी चिन्ह बाजारात विकलं जाऊ नये. गरुड नौदलाच्या गोदामात पेटीत बंद झाला. मालकी कुणाची, विकायचा की नाही, यावर कोर्टात वर्षानुवर्षं केस चालली. २०१९ मध्ये विकण्याचा आदेश निघाला, २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवून गरुड सरकारचाच ठरवला.

जून २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष लुइस लाकाये पोऊ यांनी जाहीर केलं की गरुड वितळवून त्यातून शांततेचं कबुतर बनवू. शिल्पकारही ठरला होता. पण इतिहास असा वितळवून टाकायचा का, म्हणून लोक इतके तुटून पडले की दोनच दिवसांत त्यांनी निर्णय मागं घेतला.

आता दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या.

एक आपल्याकडची. ग्राफ श्पेवर गोळे डागणारी अकिलिज १९४८ मध्ये भारतानं विकत घेतली. तीच आपली आयएनएस दिल्ली. १९५६ मध्ये या लढाईवर इंग्रजी सिनेमा आला, त्यात आयएनएस दिल्लीनं अकिलिजचा म्हणजे स्वतःचाच रोल केला. १९६१ च्या डिसेंबरमध्ये गोवा मुक्तीच्या वेळी याच जहाजानं दीवच्या किल्ल्यावर तोफा डागल्या. १९७८ मध्ये मुंबईत ते भंगारात निघालं.

दुसरी फॉकलंडची. २०१९ मध्ये मेन्सन बाउंडच्याच मोहिमेला फॉकलंडजवळ दीड किलोमीटरहून जास्त खोल पाण्यात एक जहाज सापडलं. ॲडमिरल श्पे यांचं शार्नहॉर्स्ट. लढून, सगळी माणसं घेऊन गेलेलं.

शार्नहॉर्स्टवरच्या एकाही माणसाला कबर नाही, ते सगळे त्या जहाजातच आहेत. माँटेव्हिडिओसमोरच्या चिखलात रुतलेल्या ग्राफ श्पेमध्ये डायव्हरांना तोफ सापडली, रेंजफाइंडर सापडलं, गरुड सापडला. आत माणसं नव्हती. लढाईत गेलेले ३६ जण माँटेव्हिडिओत दफन आहेत, कॅप्टन ब्युनोस आयरिसच्या चाकारिता स्मशानभूमीत. आणि बाकीचे हजारभर त्या संध्याकाळी बोटीत बसून आपलं जहाज जळताना बघत होते.